माळवदाची माती

बयाबाई देवठाणात नांदायला आली तेव्हा तिला दार लावायची सवय नव्हती. माहेरी दारच नव्हतं. बाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरायचा, उन्हाळ्याच्या अखेरीला परत भीमेच्या काठाला यायचा. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, आणि चार काठ्यांवर घोंगडं ताणलं की घर झालं. अशा घरातली पोर हरिबाला दिली. हरिबाच्या आज्यानं मेंढरं मोडून जमीन धरली होती आणि देवठाणच्या जुन्या पेठेत एका वाण्याचं मोकळं पडलेलं घर घेतलं होतं. देवठाण म्हणजे राहू गावापासून कोसभरावरचं, नदीच्या काठाचं गाव.

पेठ मोठी नव्हती. नदीकडून आलं की दगडी वेस लागायची, वेशीतून फरसबंदीची अरुंद वाट थेट मारुतीच्या देवळापर्यंत जायची, आणि देवळामागं जुन्या गढीचा ढासळलेला मातीचा डोंगर उभा होता. वाटेच्या दोन्ही अंगांना घरं होती, पण घराघरांत फट म्हणून नव्हती. दोन घरांत एकच भिंत. खाली घडीव दगड, वर पांढऱ्या मातीचं काम, आणि डोक्यावर सगळ्यांना माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला नि चिपाडं, आणि त्यावर हातभर जाडीची पांढरी माती. वरून सपाट अंगणच. एका टोकाच्या घरावर चढलेली बाई जमिनीला पाय न लावता देवळापर्यंत जाऊ शकत असे, आणि बायका जातही असत. कुरडया वरच वाळायच्या, भांडणं वरच व्हायची आणि मिटायचीही वरच.

लग्नानंतर सासूनं बयाबाईला शिडीवरून वर नेलं. ती बराच वेळ नुसती उभी राहिली. खाली चूल, वर आभाळ, आणि पायाखाली आपल्या मालकीचं छप्पर. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"बघती काय?" सासू म्हणाली. "माती राखावी लागती हिची. न्हाई राखली तर पावसात चूल विझंल."

माती राखायचं काम बयाबाईनं असं अंगी लावून घेतलं, की दोन-चार वर्षांत सासूसुद्धा तिला विचारू लागली. उन्हाळ्याच्या सरतीला गढीच्या पायथ्याची पांढरी माती खणायची, चाळायची, डोक्यावरून वाहून वर न्यायची, पसरायची, पाणी शिंपडून लाकडी चोपण्यानं चोपायची. पाण्याला पन्हळीकडं उतार ठेवायचा. गवताचं मूळ दिसलं की उपटायचं. दरसाल नवा थर. शेजारचं घर गळायला लागलं की हाक यायची, "बयाबाई, तेवढं वर येऊन बघता का?" ती जायची. गळती नेमकी कुठं आहे हे तिला पायाच्या तळव्याला कळतं, असं बायका म्हणायच्या. तिच्याबद्दल गावात एक बोलणंच पडून गेलं होतं – बयाबाईच्या हातची माती थेंब सोडत नाही.

शेजारी दगडोबा आप्पा. त्यांची आणि बयाबाईची भिंत एक. गावात कुणाचं कौतुक म्हणून न करणारा माणूस. पण एका पावसाळ्यात ओट्यावर सुपारी कातरता कातरता ते हरिबाला म्हणाले, "तुझं घर वाण्याचं व्हतं. आता तुझ्या बायकूचं हाय." ते ऐकून बयाबाई दाराआड लाजली, आणि ते वाक्य तिनं जन्मभर पुरवलं.

दोन लेकरं झाली. थोरली ललिता, धाकटा संपत. ललिता आईच्या पाठोपाठ माळवदावर वाढली. परकर खोचून माती तुडवायची, आईच्या आधी पन्हळी साफ करायची. वयात आल्यावर हरिबानं तिला आपल्या बहिणीच्या घरात, भाच्याला दिली. जयसिंग त्याचं नाव. गाव लांब, पार उमरग्याच्या अंगाला, किल्लारीच्या अलीकडं. मुलगा गुणाचा, घरी मेंढरं होती, थोडी जमीन होती. आणि बयाबाईला सगळ्यात आवडलं ते हे, की त्या गावातही दगडामातीची जुनी घरं आणि वर माळवदं. लेक कुठं परक्या ठिकाणी पडली असं तिला वाटलंच नाही.

मग हरिबा कावीळ होऊन गेला. त्याच्या वर्षश्राद्धानंतर ललिताला मुलगी झाली, प्रगती. बारशाला बयाबाई लेकीकडं गेली, तर घर पाझरत होतं. पाळण्याखाली घमेलं ठेवलेलं. सासू मेलेली, जयसिंग मेंढरांमागं, आणि ललिता ओली बाळंतीण. बयाबाईला ते बघवेना. उघडीप मिळताच ती स्वतः वर चढली. तीन दिवस तिनं त्या गावची माती वाहिली, चोपली, आणि लेकीला शिडीवर उभी करून सांगितलं, "दर सालाला असाच थर चढवायचा. आळस करायचा न्हाई. माती जेवढी जाड, तेवढं घर कोरडं."

पुढच्या पावसाळ्यात एक ओळखीचा ट्रकवाला निरोप घेऊन आला. ललितानं सांगितलं होतं, आई, यंदा थेंब पडला न्हाई. तो निरोप बयाबाईनं पेठेत घरोघर सांगितला.

त्र्याण्णव साली गणपती बोळवून गाव निजलं, आणि पहाटेच्या आधी देवठाणातल्या फळ्यांवरची भांडी आपोआप वाजली. माणसं उठली, कुणी मांजर म्हणालं, कुणी उंदीर म्हणालं, पुन्हा आडवी झाली. सकाळी रेडिओ बोलू लागला. दगडोबा आप्पांच्या ओट्यावर गर्दी जमली होती. रेडिओवर किल्लारीचं नाव आलं तेव्हा बयाबाई भाकरी थापत होती. संपत दारात येऊन उभा राहिला आणि नुसताच उभा राहिला. तिनं तव्यावरची भाकरी उलथली, काढली, चूल विझवली आणि मग म्हणाली, "चल."

एसटी, मग ट्रक, मग पायी. पाऊस लागला होता. गावाच्या जागी गाव नव्हतं, दगडांचे आणि मातीचे ढीग होते. ढिगांवर लष्कराचे जवान, कुठं कुठं धूर. ज्या वाटेनं ती बारशाला गेली होती ती वाट सापडेना. शेवटी जयसिंगच त्यांना दिसला. तो रात्री दुसऱ्याच्या शेतात मेंढरं बसवून तिथंच निजला होता, म्हणून वाचला. त्याच्या हातांची नखं गेलेली होती.

"मामी," तो म्हणाला, आणि पुढं होऊन त्यांना वाट दाखवू लागला.

ललिताला काढून बाजूला ठेवलं होतं. कुठं जखम दिसत नव्हती. तोंडावर, केसांत, पापण्यांवर सगळी पांढरी माती. बयाबाईनं पदरानं लेकीचं तोंड पुसलं. बोटांना माती लागली तशी तिनं ती चिमटीत चोळून पाहिली. चाळलेली माती होती. चाळलेली माती त्या गावात दुसरं कोण घालत होतं? ती तशीच बसून राहिली. आजूबाजूला बायका छाती पिटत होत्या. ह्या बाईला रडू आलं नाही. संपतनं तिला हलवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लई जड केलं रं मी."

"काय जड केलं?"

तिनं लेकीच्या केसांतली माती झटकायला घेतली.

प्रगती वाचली होती. कोपऱ्यातला खांब आणि धान्याची कणगी यांच्यामध्ये पोकळी राहिली, तिच्यात ती पोर सापडली. ललितानं तिला तिथं ढकललं असावं, असं काढणारे म्हणाले. दोन वर्षांची पोर, खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. जयसिंगकडं ना घर होतं, ना बाईमाणूस. त्यानं पोरगी बयाबाईच्या ओटीत घातली.

देवठाणात आल्यावर प्रगती घरात येईना. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की ती वर बघायची आणि किंचाळायची. खाऊ दाखवला, खेळणी दाखवली, संपतनं खांद्यावर घेऊन नेऊन पाहिलं. पोर निळी पडेस्तोवर रडली. मग बयाबाई तिला घेऊन ओट्यावर राहू लागली. ओट्यावरच जेवण, ओट्यावरच झोप. थंडी पडली तशी घोंगडी वाढवली. ज्या घरासाठी तिनं हयात घातली, त्या घरात आता तीही जाईना. आत गेली की तिलाही वर पाहावंसं वाटे. आपण किती थर चढवले याचा हिशेब तिच्या मनात सुरू होई.

संक्रांत झाली आणि एका सकाळी बयाबाई खोरं नि घमेलं घेऊन वर चढली. तिनं माती उपसायला सुरुवात केली. भरलेली घमेली ती खाली अंगणात ओतू लागली. धूळ पेठभर झाली. दगडोबा आप्पा शेजारच्या माळवदावर येऊन उभे राहिले.

"काय चाललंय, बयाबाई?"

"उतरवतीय, आप्पा."

"डोकं फिरलं काय तुमचं? दोनशे वर्सं उभं हाय हे. आपल्याकडं जमीन न्हाई हालत."

"त्यांच्याकडं तरी कवा हालली व्हती?"

आप्पा माळवदाच्या कडेला टेकले. मग सुरात बदल करून म्हणाले, "हे बघा, तुमच्या दुःखापुढं मी काय बोलू? पर भिंत एक हाय आपली. तुमचं वरचं वझं गेलं, तुळया काढल्या, की भिंत उघडी पडनार. पानी शिरलं की माझं घर बसंल. ही पेठ एकमेकाला धरून उभी हाय. एक सुटलं की समदं सुटतं."

"आप्पा, लेकराला घरात येता यीना," बयाबाई म्हणाली. "मी काय करू?"

आप्पा खाली उतरले आणि दार लावून बसले. बयाबाईनं माळवद मोकळं केलं. संपतनं तुळया काढून पत्रा टाकला. पत्र्याखाली प्रगती पहिल्यांदा आत आली. वर बघितलं, आजीकडं बघितलं, आणि चुलीपाशी बसली.

गोष्ट तिथंच थांबती तर बरं झालं असतं. पण पेठेत भीती आधीच शिरली होती. लोक टीव्हीवर ते ढीग पाहत होते. रात्री मांजरानं उडी मारली तरी माणसं अंगणात धावायची. आता बयाबाईसारख्या बाईनं माती उतरवली म्हटल्यावर कुणाला धीर राहीना. हाका पुन्हा येऊ लागल्या. "बयाबाई, आमचंही तेवढं उतरवून देता का?" ती जायची. नाही म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही. एकेका घरात लहान लेकरं निजलेली दिसायची, आणि तिला वाटायचं, लवकर, लवकर. ज्या माळवदांचे थर तिनं स्वतः चढवले होते ते तिनंच उतरवले. दोन उन्हाळ्यांत पेठेवर पत्रा आला. ऐपत असलेल्यांनी तर पेठच सोडली आणि रस्त्याच्या कडेला, मळ्यात, स्लॅबची घरं बांधली. आप्पांनी मात्र आपल्या माळवदाला हात लावू दिला नाही.

भूकंप देवठाणात काही आला नाही. पाऊस आला.

एका वर्षी परतीचा पाऊस आठवडाभर सरळ कोसळला. सोडून गेलेल्या घरांच्या भिंती वरून उघड्या होत्या. पाणी त्यांच्या डोक्यातून पोटात शिरलं. पांढरी माती वरून झाकली तर शंभर वर्षं टिकते, पण वरून भिजली की गुळासारखी विरघळते. आधी वेशीकडची दोन घरं बसली. मग मधलं. मग एका दुपारी बयाबाई आणि आप्पा यांच्या मधली भिंत, काढलेल्या तुळयांच्या भोकांतून पाणी शिरून, फुगली आणि बघता बघता आप्पांच्या बाजूला आडवी झाली. आप्पा आणि त्यांची म्हातारी तेव्हा ओट्यावर होती, म्हणून जीव वाचला. पण तुळया निखळून माळवद अर्धं खाली आलं होतं. आप्पा चिखलात उभे राहून त्याकडं पाहत होते. बयाबाई त्यांच्या पायाशी गेली.

"आप्पा, माझ्यामुळं झालं."

आप्पांनी तिला उठवलं. रागाचा शब्द काढला असता तर तिला सोसला असता. ते म्हणाले, "तुझं लेकरू निजतं नव्हं आता घरात? मग झालं."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला लेकीसारखं 'तुझं' म्हटलं होतं. त्यांचा मुलगा शिक्रापूरला कंपनीत होता. चाळीतल्या एका खोलीत राहायचा. तो टेंपो घेऊन आला आणि आईबापाला घेऊन गेला. ज्या माणसानं जन्मभर ओट्यावर बसून नदी पाहिली, तो तिथं खिडकीतून ट्रक बघत बसायचा म्हणे. वर्ष पुरं व्हायच्या आत ते गेल्याचा निरोप आला. बयाबाई मातीला गेली नाही. कुठल्या तोंडानं जाऊ, असं तिला झालं.

पडलेल्या भिंतीच्या जागी संपतनं पत्रे उभे केले होते आणि त्याच घरात प्रगती मोठी होत होती. आईसारखीच उंच, बोलण्यात मात्र कमी. एकदा शाळेतून आली आणि दप्तर न ठेवताच म्हणाली, "आजी, आई घरात निजली म्हणून मेली का?"

बयाबाईनं पुष्कळ वर्षं या प्रश्नाची वाट पाहिली होती. ती म्हणाली, "न्हाई बाळा. वरची माती जड झाली म्हणून. ती माती मी घातली व्हती."

पोरगी ऐकून घेऊन उठली. दोन दिवस तिनं आजीशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी वेणी घालायला समोर येऊन बसली, पण त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. बयाबाईला वाटलं, रडली असती, ओरडली असती तर बरं.

दोन हजार एक-दोनच्या सुमाराला जयसिंग आला. त्यानं दुसरं लग्न केलं होतं, दोन मुलं होती. सरकारनं नवं गाव वसवून दिलं होतं, सरळ रेषेत घरं, रुंद रस्ते. त्याच्या केसांत पांढरं आलेलं. तो प्रगतीला न्यायला आला होता. संपतला राग आला. इतकी वर्षं कुठं होता, असं तो म्हणालाही. बयाबाईनं त्याला गप्प केलं.

जेवणं झाल्यावर सासू-जावई ओट्यावर बसले. जयसिंग बराच वेळ काडीनं जमीन उकरत होता.

"मामी, इतकी सालं मी का आलो न्हाई, विचारलं न्हाई तुमी."

"तुला तुझं असंल."

"पोरीच्या तोंडाकडं बघवत नव्हतं." त्यानं काडी टाकली. "त्या सांजंला ललिता भाकरी घिऊन शेतात आली व्हती, मेंढरांपाशी. पोरीला घिऊन. म्हनली, आज हितंच ऱ्हाते, घरात एकटीला करमत न्हाई. बुरबुर लागली व्हती. मी म्हनलो, पोरगी भिजंल, घरला जा. तिनं दोनदा म्हनलं. मी दोनदा धाडली."

बयाबाई त्याच्याकडं वळली. मग म्हणाली, "आन् मी समजत व्हते, मीच."

"तुमी काय?"

"माती माझी व्हती ना रं. थर मी चढवले."

जयसिंगनं मान हलवली. "मामी, त्या गावात समद्यांच्याच वर माती व्हती."

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कुणी तोंडानं म्हटलं नव्हतं. तिला तेव्हा रडू फुटलं, लेक गेल्यापासूनचं पहिलं. जयसिंगही रडला. दोघांनी आपापलं ओझं एकमेकांना दाखवलं. कुणाचंच हलकं झालं नाही, पण वाहणारी आपण एकटी नाही, एवढं दोघांना कळलं. सकाळी प्रगती बापाबरोबर गेली. जाताना आजीच्या गळ्यात पडली नाही. एसटी हलली तेव्हा मात्र खिडकीतून हात बाहेर काढून वळणापर्यंत तसाच धरून ठेवला.

त्यानंतर संपतनं मळ्यात स्लॅबचं घर बांधलं आणि आईला तिथं नेलं. पत्रे काढून आणले, दार काढून आणलं. बयाबाईच्या हाताला काम राहिलं नाही. स्लॅबला माती लागत नाही. सुनेनं चांगलं वागवलं, नातवंडं आली, दिवाळीत प्रगतीचा फोन यायचा. पण म्हातारीचं लक्ष कशात लागायचं नाही. विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई, बसलीय."

दोन हजार सहाचा उन्हाळा असेल. गढीची माती कुणी जेसीबी लावून भरावाला नेत होतं, हे तिनं ऐकलं आणि कुणाला न सांगता ती काठी टेकत पेठेत गेली. वेशीची एक बाजू उभी होती. आत वेड्या बाभळी माजल्या होत्या, जागोजाग मातीचे उंचवटे आणि त्यांत रुतलेले घडीव दगड. ती चालत राहिली आणि मध्येच थांबली. आपलं घर कोणतं, हे तिला कळेना. पुढं गेली, मागं आली. हाच उंचवटा म्हणावा तर आप्पांचा ओटा कुठं? सगळं एकसारखं बसलं होतं.

बाभळीच्या सावलीला जेसीबीचा ड्रायव्हर डबा खात होता, बिहारकडचा पोरगा. त्यानं विचारलं, "माई, किसको ढूंढ रही हो?"

बयाबाईला हिंदी फारशी कळत नव्हती, पण एवढं कळलं. तिनं हातानं काही नाही अशी खूण केली आणि तिथल्याच एका दगडावर टेकली. पोरानं आपल्या बाटलीतलं पाणी तिला दिलं. ती प्याली.

दुपार कलल्यावर संपत मोटारसायकल घेऊन शोधत आला.

"आई, हितं काय करती? घरला समदी काळजीत."

"संपत," ती म्हणाली, "आपलं घर कोनतं रं ह्यातलं?"

संपतनं इकडं तिकडं पाहिलं. त्यालाही सांगता आलं नाही. त्यानं तिला हात देऊन उठवलं, गाडीवर मागं बसवलं, आणि ती पडू नये म्हणून तिचे दोन्ही हात आपल्या पोटाभोवती घेऊन सावकाश मळ्याकडं निघाला.